अनुभव धागा : इयत्ता एकच, वाचणारे नाना तऱ्हांचे

फळापुसणी (धागाकर्ती)

पटावर ‘इयत्ता चौथी’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात एक मुलगी ‘किशोर’चा अंक घेऊन बसली की तिला मधल्या सुट्टीची घंटाही ऐकू येत नाही, आणि तिच्याच बाकावरचा मुलगा अजून ‘घ’ आणि ‘ध’मध्ये अडकलेला असतो. धडा दोघांना एकच. शाळेत, घरी, साक्षरता वर्गात, परदेशातल्या रविवारच्या शाळेत, कुठेही तुम्ही पायरीपायरीने वाचायला शिकवलं असेल तर इथे लिहा. नेमकं काय केलंत ते हवंय. ‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत’ यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

सुरुवात मी करते. आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवते आणि ‘असर’ या वाचनाच्या पाहणीच्या धर्तीचा कागद वाचायला देते. त्यावर सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. जे शेवटचं नीट जमलं ती त्याची पातळी. ती पाहणी करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेची माणसं २००५ पासून गावोगावी घरी जाऊन मुलांकडून हेच वाचून घेत आलेत. मग दुपारी एक तास इयत्ता विसरायची आणि तिसरी-चौथीची मुलं पातळीनुसार बसवायची. अक्षरवाले बाराखडीच्या तक्त्यावर: आडवी ओळ, उभी ओळ, मग मधेच कुठेही बोट. शब्दवाले शब्दांच्या भेंड्या खेळतात आणि आलेला प्रत्येक शब्द लिहितात. परिच्छेदवाले एकमेकांना प्रश्न घालतात. गट कायमचे नाहीत, जमलं की मूल उठून पुढच्या गटात जातं.

सगळ्यात चिवट जागा शब्द आणि परिच्छेद यांच्या मधली. सुटा शब्द येतो, पण ओळ समोर आली की मूल एकेक शब्द तोडत जातं आणि शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. तिथे मी ओळ बोलण्याच्या लयीत वाचते, मूल बोट ठेवून माझ्यामागून, मग दोघं बरोबर, मग ते एकटं. तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा. याचा कंटाळा मला येतो, मुलांना नाही. आपल्याला जमतंय हे ऐकायला त्यांना आवडतं.

मेळघाटातली_बाई

ताई, तुमचा कागद आमच्याकडे फसवतो. आमची मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मराठीच्या नात्यातली भाषा नाही, मुंडा कुळातली आहे. तिसरीतली पोर परिच्छेद खाडखाड वाचते आणि ‘कोण कुठे गेलं?’ विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत राहते. कागदावर तिची पातळी ‘परिच्छेद’ आणि मराठी समजण्यात ती बालवाडीत.

म्हणून मी प्रत्येक मुलापुढे दोन रकाने ठेवते, वाचतं किती आणि समजतं किती. ज्यांचा दुसरा रकाना मागे आहे त्यांना अजून अक्षरं घोटायला लावून काही होत नाही. त्यांच्यासाठी मोठं चित्र लावायचं, बाजाराचं, नदीचं, आणि नुसतं बोलायचं. अंगणवाडीच्या ताई कोरकू बोलणाऱ्या आहेत, त्या सोबत बसतात. मुलं चित्रावरून कोरकूत सांगतात ते आम्ही तस्संच देवनागरीत फळ्यावर लिहितो आणि तेच ती वाचतात. त्याखाली मराठी वाक्य नंतर येतं. तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, “यात मराठी कुठंय?” मी म्हटलं, सर, दिवाळीनंतर या.

निवृत्त_गुरुजी

आम्ही बाराखडी सुरात म्हणवून घेतली, सगळी मुलं वाचायला शिकली. हे गट-बिट नव्हते.

फळापुसणी

गुरुजी, सगळी? शिकली नाहीत ती चौथीच्या आधीच शाळा सोडून गुरांमागे गेली, ती तुमच्या पटावर उरली नसणार. सुरातल्या बाराखडीला माझा विरोध नाही. फक्त ‘क का कि की’ तालात म्हणणारं मूल मधल्या ‘कु’वर बोट ठेवलं तर वाचतं का, ते पाहावं लागतं.

नीरेकाठचा

गुरुजींच्या बाराखडीवरून आठवलं. आमच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. अ ते ज्ञ सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघायची नाही, थोडी अक्षरं आणि काना हाती आला की लगेच शब्द वाचायचे आणि लिहायचेही, ही रीत मी तिकडच्या शिक्षकांकडून उचलली. ‘क, म, र, ल’ आणि काना एवढ्यावर ‘काम’, ‘कमाल’, ‘मार’, ‘लाल’ निघतात, आणि मुलाला पहिल्याच महिन्यात वाचल्यासारखं वाटतं. ‘ङ’ आणि ‘ञ’ पाठ करून काय वाचणार?

सहा_ठिपके

मी दृष्टिहीन मुलांना शिकवतो. वरचं वाचताना मजा वाटली, कारण आमच्या पायऱ्या निराळ्याच ठिकाणी आहेत.

डोळस मुलांना ‘र’ छळतो. ‘अर्क’मध्ये तो डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी, ‘सुऱ्या’मध्ये आणखी निराळा. भारती ब्रेलमध्ये र कुठेही गेला तरी तेच ठिपके. जोडाक्षर आलं की आधी हलन्ताचा, म्हणजे पाय मोडल्याचा, ठिपका आणि मग अक्षरं उच्चाराच्या क्रमाने. वेलांटीही अक्षराच्या आधी येत नाही: ‘कि’ म्हणजे क आणि त्यापुढे इ. म्हणजे तुमच्याकडे दुसरी-तिसरीत रडवणारी जोडाक्षरं आमच्याकडे त्या मानाने सोपी. मात्र ‘मऊ’ लिहायचं तर मधे ‘अ’ घालावा लागतो, नाहीतर ते ‘मू’ वाचलं जाईल.

आमची रडवणारी जागा उलट्या जोड्यांची. ‘इ’ आणि ‘ए’ आरशातल्यासारखे एकमेकांच्या उलट, तसेच ‘ह’ आणि ‘ज’. बोटाला ते समजायला वेळ लागतो. त्यात पाटी आणि स्टायलसने लिहिताना कागदाला मागून टोचायचं, म्हणजे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. कागद फिरवला की सुलटं वाचायचं. त्यामुळे लिहीत लिहीत वाचायला शिकवणं आमच्याकडे सुरुवातीला जमत नाही. आधी ब्रेलर मशीनवर, त्यात उलटं नाही. हाताशी मशीन नसेल तर वाचन पक्कं होईपर्यंत पाटी देऊ नये असं माझं मत आहे.

आणि या सगळ्याआधीची पायरी म्हणजे बोटांची. कडधान्यं निवडणं, दोऱ्यावरून बोट सरळ नेणं, ठिपक्यांच्या ओळीत मोकळी जागा शोधणं. दोन्ही हात लागतात: उजवा ओळ संपवत असतो तेव्हा डाव्याने पुढच्या ओळीची सुरुवात गाठायची. हे न करता थेट अक्षरं दिली की मूल एकाच बोटाने घासत बसतं आणि पुढे आयुष्यभर हळू वाचतं.

पुण्यातली_मराठीची_मॅडम

२०२० चा मराठी सक्तीचा कायदा आला आणि आमच्यासारख्या इंग्रजी शाळांमध्ये मराठी पहिली आणि सहावीपासून सुरू झालं. माझ्या सहावीत तीन तऱ्हा. हिंदी घरातली मुलं देवनागरी सुसाट वाचतात, समजत निम्मंच. मराठी घरातली सगळं समजतात पण वाचायला सांगितलं की घाम फुटतो. तमिळ-मल्याळी घरातल्यांना दोन्ही नवं, मात्र त्यांचा ‘ळ’ सगळ्यांत झकास, कारण तो त्यांच्या भाषेत आहेच. हिंदीवाल्यांचं ‘बाळ’ बराच काळ ‘बाल’च राहतं.

पहिल्या दोन तऱ्हांची मी जोडी लावते. हिंदी घरातला वाचतो, मराठी घरातला त्याला अर्थ सांगतो, मग बदली. दोघांनाही आपण हुशार आहोत असं वाटतं, आणि एकमेकांच्या चुका ते माझ्यापेक्षा निर्दयपणे काढतात. ‘चार’ आणि ‘चाक’मधला ‘च’ एकच लिहितात पण म्हणतात वेगळा, हे मी कधी नीट समजावू शकले नव्हते. पोरांनी आपसात मिटवलं.

अवांतर: फोनवरच्या कितीतरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, पुस्तकात मराठी वळणाचे. अक्षरांच्या पायरीवरचं मूल ती दोन वेगळी अक्षरं समजतं. छापील कागद देताना फॉन्ट तपासून घ्या.

उसाच्या_फडाकडून

बीड जिल्हा. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर कारखान्यावर. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, बाकीची बेळगावकडे गेली तर तिथल्या शाळेच्या फळ्यावर कन्नड. एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा शब्दवाली पोरं पुन्हा अक्षरांवर.

जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं. त्यावरच्या इयत्तेवरून तिकडच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. मी सोबत चिठ्ठी देतो: “कान्या-मात्रांचे शब्द वाचतो. जोडाक्षरं बाकी. एकट्याने वाचायला लाजतो, दुसऱ्यासोबत वाचतो.” तीच मुलाच्या आईलाही वाचून दाखवतो. एकदा एका आईने ती चिठ्ठी जपून परत आणली, मागच्या बाजूला तिकडच्या बाईंनी पुढची पातळी लिहिली होती. पुढचे दोन महिने माझे सोपे गेले.

स्टॉपवॉचवाला

निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान २०२१ मध्ये आलं तेव्हापासून तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं लक्ष्य आहे, दुसरीला ४५ ते ६०. वेग मोजायला माझी हरकत नाही. शब्दाला शब्द लावत वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही, हे वर फळापुसणीताईंनी सांगितलंच आहे. अडचण मराठीच्या शब्दांची. ‘घर’ हा एक शब्द आणि ‘घराशेजारच्यांनीसुद्धा’ हाही एकच. परिच्छेद निवडणाऱ्याच्या हातात मुलाचा वेग असतो. आमच्या केंद्रात एका शाळेची मुलं झपाट्याने ‘निपुण’ झाली, परिच्छेद बघितला तर सगळे दोन-तीन अक्षरी शब्द.

मी वेग मोजल्यावर लगेच पुस्तक मिटायला लावतो आणि ‘काय झालं सांग’ म्हणतो. सांगता आलं नाही तर तो आकडा वहीत लिहीत नाही.

सत्तरीची_टीचर

गोव्यातून. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, मुलं घरी कोंकणी. मेळघाटातल्या बाईंइतकं अंतर नाही, लिपी तीच, पुष्कळ शब्द तेच. त्यामुळेच गंमत होते. मुलगी पुस्तकात ‘पाणी’ बघते आणि मोठ्याने ‘उदक’ वाचते. ‘मला’ असतं तिथे ‘म्हाका’. चूक म्हणायची का? माझ्या मते हे मूल अर्थापर्यंत पोचलंय, फक्त अक्षरावर नजर थांबत नाही. त्याला ‘पुन्हा बघ, पहिलं अक्षर कुठलं?’ एवढं पुरतं. याउलट ‘पाणी’ला ‘पानी’, ‘पापी’ असं काहीतरी वाचून पुढे जाणाऱ्याला वेगळी मदत लागते. स्टॉपवॉचवाल्या सरांच्या मोजणीत दोघांची चूक एकसारखीच धरली जाईल.

रविवारची_शाळा_न्यू_जर्सी

आमच्याकडे वेगळाच पेच: पातळी पहिलीची, वय तेरा. ‘बदक पाण्यात पोहते’ दिलं की मुलगा डोळे फिरवतो. इथल्या मराठी मंडळाच्या अभ्यासक्रमातली सोपी पानं लहानांना चालतात, यांना नाही. आता मी भारतातल्या आज्यांना कामाला लावलंय. प्रत्येकीने नातवंडाला व्हॉट्सॲपवर मराठीत दोन ओळी लिहायच्या, आवाजी निरोप बंद. पहिल्या आठवड्यांत ‘जेवलास का’, मग हळूहळू शेजारच्यांच्या भानगडी. शेजारच्यांच्या भानगडींसाठी मुलं जोडाक्षरंसुद्धा वाचतात.

मोठ्यांसाठी सोप्या भाषेतलं काही कुणाला माहीत आहे का?

पाचवीचा_बाबा

मुलगा ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द सांगतो, वाचताना ओळी सुटतात, ‘तबला’चं ‘बतला’ होतं. शिकवणीवाले म्हणतात लक्ष नाही.

फळापुसणी

@पाचवीचा_बाबा, आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी. मोठ्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती आहेत. तोवर तुम्ही वाचून दाखवणं थांबवू नका, त्याची ऐकून समजण्याची पातळी पाचवीची आहे, तिला खाऊ मिळत राहू दे.

बचतगटाची_ताई

मी उल्लास साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक आहे. पंधराच्या पुढचं कुणीही चालतं, माझ्याकडे बहुतेक पन्नाशीच्या बायका. त्यांची पहिली पायरी चष्मा. जवळचं दिसत नाही हे कुणी सांगतच नाही, ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणतात. चष्मे आले आणि निम्म्या जणी लगेच पुढे सरकल्या.

‘अ अननसाचा’ त्यांना नको असतो. स्वतःचं नाव, मग नातवाचं, मग एसटीची पाटी, रेशनकार्ड, गटाचं पासबुक. नावातली अक्षरं मोडून नवे शब्द. ‘कमल’मधून ‘मल’, ‘कल’ निघालं की हसतात, पण विसरत नाहीत. शेवटी १५० गुणांची चाचणी असते. तिची भीती मुलांपेक्षा जास्त. एकीने सुनेला बाहेर बसवून ठेवलं होतं.

फळापुसणी

@रविवारची_शाळा, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, फुकट. तेरा वर्षांच्या मुलांना दुसऱ्या पातळीतल्या विज्ञानाच्या गोष्टी देऊन बघा, त्यात बदकं कमी आहेत. शिवाय बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन ठेवलेत. त्यातले विनोद आणि कोडी चालतील.

पुण्यातली_मराठीची_मॅडम

‘किशोर’ची स्कॅन केलेली पानं आहेत, मोबाईलवर अक्षर फार बारीक दिसतं. एकेक कोडं कापून मोठं करून छापा. उत्तराचं पान आधी काढून ठेवा, नाहीतर पोरं तेच वाचतात.