कूलंट बदलल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) हीटर गार: एअरलॉक (अडकलेली हवा) की थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह)?

१.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ८२,००० किमी. इंजिन पूर्ण गार असताना ड्रेन प्लगमधून जुनं, तांबूस झालेलं कूलंट काढलं. हीटर फुल गरमवर ठेवून डिस्टिल्ड वॉटरने दोनदा फ्लश केलं. मॅन्युअलप्रमाणे क्षमता ४.५ लिटर, पण ५०:५० प्रीमिक्स (अर्धं कूलंट, अर्धं पाणी) ३.१ लिटरच गेलं. ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, हे मान्य.

आता आयडलला हीटरची हवा गार, २,५०० आरपीएमला कोमट. रेडिएटरचा वरचा होज (नळी) हात लावू देत नाही, खालचा मात्र गार. थर्मोस्टॅट वरच्या होजकडे आहे. ओबीडीवर (गाडीच्या डायग्नोस्टिक रीडरवर) तापमान १०० अंशांच्या पुढे सरकलं की इंजिन बंद करतो. काम करण्याआधी हीटर व्यवस्थित चालत होता. ऑइल दुधाळ नाही, कुठे गळतीही नाही.

पुढची चाकं रॅम्पवर चढवून, कूलंटची कॅप उघडी ठेवून इंजिन २० मिनिटं चालू ठेवलं, होज दाबले. दोनदा 'बुडूक' झालं, लेव्हल बोटभर उतरली, बस्स. गाडीला ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) नाही, माझ्याकडे व्हॅक्यूम फिलर (हवा ओढून कूलंट भरायचं साधन) नाही.

थर्मोस्टॅट काढण्याआधी हीटरचा रिटर्न होज सैल करून हवा काढावी का? आणि उरलेलं पाणी खरंच १.४ लिटर असेल, तर मिश्रणात कूलंटचं प्रमाण ३४ टक्क्यांवर येतं. ते भरून काढायला किती कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घालू?