बडोद्याची सेंट्रल लायब्ररी: तुमच्या आठवणी लिहा

सुरसागरकाठ
आज मांडवीतून येताना सेंट्रल लायब्ररीच्या पायरीवर एक बाई भाजीची पिशवी शेजारी ठेवून पुस्तक चाळत होत्या. आईच आठवली. सातवीत तिची शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन दांडिया बाजारात आली तेव्हा गुजराती वाचता येत नव्हतं. बाबांनी लायब्ररीचं कार्ड काढून दिलं. आधी मुलांची मोठ्या अक्षरांची गुजराती पुस्तकं, मग पाककृती, मग शिवणकाम. पुढे वाड्यातल्या बायकांची बँकेची कागदं तीच वाचून द्यायची. तुमच्याकडे असं कोणी?

बाबाजीपुरावाली
काचेची जमीन!! कपाटांच्या मजल्यांवर जाड काच आहे, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. लहानपणी बाबांचा हात सोडायचे नाही मी. नंतर लिहिते, कुकर लावलाय

मास्तरांची नात
ताई, आईंना नमस्कार सांगा. सयाजीरावांना हेच तर हवं होतं. 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण शाळा सुटल्यावर पुस्तकच हाती आलं नाही तर पोर अक्षर विसरणारच. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं. गावोगाव वाचनालयं निघाली, जिथे नव्हती तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. आमचे पणजोबा खेड्यात मास्तर. पेटी आली की रात्री ओट्यावर कंदील लावून मोठ्याने वाचायचे. ऐकायला निरक्षर शेतकरीसुद्धा. त्यांचंही शिकणंच की ते! मला हे फार मोठं वाटतं.

रावपुरा_९०
दोन खोल्यांत आम्ही सहा जण. स्पर्धा परीक्षेचा सगळा अभ्यास वाचनकक्षात केला. शेजारी बसणारे एक निवृत्त काका इंग्रजी पेपर संपला की माझ्याकडे सरकवायचे, अवघड शब्दांखाली पेन्सिलीची रेघ मारून. नाव कधी विचारलंच नाही. आज नोकरी आहे, काका दिसत नाहीत.

बाबाजीपुरावाली
@रावपुरा डोळ्यांत पाणी आणलंस रे

पुण्यात_बडोदेकर
लायब्ररी म्हणजे बाहेर पडल्यावर शेव उसळ! वर तर्री आणि कांदा. इथे तशी मिळत नाही, लोकांना मिसळच माहीत

रावपुरा_९०
दादा या दिवाळीत, मी खिलवतो. लीलो चेवडोपण बांधून देईन

मास्तरांची नात
माझ्यासाठीही 😀

वाडीकर
विषय निघालाच आहे तर विचारतो. वडिलांची मराठी पुस्तकं द्यायची आहेत, तीन कपाटं भरून. रद्दीत नाही घालणार. लायब्ररी घेईल का?

सुरसागरकाठ
काका, गठ्ठे घेऊन थेट जाऊ नका. आधी यादी करा: नाव, लेखक, साल. वाळवी लागलेली वेगळी काढा. मग यादी घेऊन विचारा, त्यांच्याकडे नसलेलं कदाचित ठेवतील.

वाडीकर
यादी कोण करणार, मला बारीक अक्षर दिसत नाही हल्ली

बाबाजीपुरावाली
काका, रविवारी लेकीला घेऊन येते. ती भरभर टाइप करते, आणि मराठी वाचायची सवयही होईल तिला. पत्ता मेसेजमध्ये पाठवा.