भांगेचं तेल घरी करून आईला दिलं तर चालेल का?

माडाखालचा (गुहागर):
मंडळी हसू नका हं. पाऊस लागला की आईचे गुडघे धरतात, जिना चढताना भिंतीला हात लावून थांबते. चुलतभावाने एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात गांजा खोबरेलात मंद आचेवर ठेवून गाळतात आणि तेच तेल भाजी आमटीत घालतात. खोबरेल आमच्याकडे घरचंच, नारळाचं दूध आटवून काढलेलं. कोणी केलंय का? आणि दुकानात हेम्प ऑइल म्हणून बाटली मिळते ती हीच का?

दापोलीची सून:
नाही ओ, ती वेगळी. ते भांगेच्या बियांचं तेल, नशा वगैरे काही नाही, 2021 मध्ये एफएसएसएआयने (देशाचं अन्न सुरक्षा खातं) बिया, तेल आणि पीठ खायला रीतसर मान्य केलंय. उत्तराखंडात तर भांगेच्या बियांची चटणी रोजची. पण ते तेल फोडणीला घेऊ नका, तापवलं की वास बिघडतो. चटणीवर वरून घालायचं आणि बाटली फ्रिजात ठेवायची, आपल्या दमट हवेत लवकर खवट होतं. गुडघ्यावर उपाय म्हणून घेणार असाल तर पैसे वाया, एवढंच.

चाकरमानी:
भाऊ, व्हिडिओवाला परदेशातला असणार. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, भांगेच्या झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत (त्यांच्यावर राज्याचे नियम आहेतच). फुलोरा तेलात घातला तरी ते मिश्रण म्हणून त्यातच मोडतं, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शिक्षा ठरवताना मिश्रणाचं सगळं वजन धरायचं, म्हणजे तुमचं खोबरेलसुद्धा. परसात झाड लावलं तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माळ्यावर बरणी ठेवून झोप लागेल का?

औषधवाली ताई:
कायदा राहू दे बाजूला, मला आईंची काळजी वाटते. ओढलेल्यापेक्षा खाल्लेलं उशिरा चढतं, कधी दोन तास लागतात, तोवर माणूस म्हणतो काही होत नाही, घाल अजून एक चमचा. घरच्या तेलात किती उतरलंय ते कळायला काहीच मार्ग नाही. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली आणि पडल्या की गुडघा राहिला बाजूला, खुबा मोडायचा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का त्यांना? वॉरफॅरिन असेल तर हे अजिबात नको.

माडाखालचा:
गोळी चालू आहे ताई, नाव बघून सांगतो. म्हणजे खायचं बंद. वरून चोळायला काही आहे का?

दापोलीची सून:
मग निर्गुडी आहे की, तुमच्या कुंपणालाच असेल! आमच्या सासूबाई पाला वाटून घेतात, एक वाटी वाटण, चार वाट्या तेल, सोळा वाट्या पाणी, पसरट पातेल्यात मंद आचेवर, सारखं ढवळत, पाणी पूर्ण आटेपर्यंत. शेवटी तळाचा गाळ बोटांत वळून वात झाली पाहिजे आणि ती विस्तवावर धरली की तडतडायला नको, तडतडली म्हणजे पाणी राहिलंय, तेल बुरशी धरणार. कोमट करून चोळायचं, कातडी फुटलेली असेल तिथे नको. शेक बरा वाटतो, झिजलेला सांधा भरून येत नाही, तेव्हा एकदा हाडांच्या डॉक्टरला दाखवाच.

चाकरमानी:
तेल जास्त झालं तर एक बाटली इकडे पाठवा, लोकलमध्ये उभं राहून माझेपण गुडघे गेलेत.