मदत हवी आहे: रात्रीच्या कबड्डीचे फोटो सगळे हललेले येताहेत, सेटिंग काय ठेवू?

बोरीकाठ (धागाकर्ता):

राम राम मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. फोटोग्राफर वगैरे काही नाही, कृषी केंद्रात हिशेब लिहितो. पाच-सहा महिन्यांपूर्वी एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून जुना कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स मिळाल्या. शेताचे, केळीच्या घडांचे, भाचीच्या वाढदिवसाचे फोटो चांगले आले म्हणून गावात जरा हवा झाली आणि त्याच हवेत मंडळाच्या पोरांनी मला कबड्डीच्या सामन्यांना उभं केलं.

मैदान मातीचं, चार खांब, खांबावर दोन-दोन हॅलोजन, सामने संध्याकाळी सातला सुरू आणि फायनल संपायला साडेबारा. चारशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळे बरे दिसत होते म्हणून मी पण खुशीत, घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर रेडरला चार हात, पकड करणाऱ्याला तोंडच नाही, कुणाचा पाय आहे तर कुणाचा नुसता धूर. त्यातल्या त्यात बरे वीस ग्रुपवर टाकले तर एकाने लगेच लिहिलं, "काय भो, ही कबड्डी का भुतांची जत्रा?" ते जाऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी एक मावशी दुकानावर आल्या, "भाऊ, मन्हा पोऱ्याना फोटो कथा शे?" त्यांच्या पोराने फायनलला एका चढाईत तीन गडी मारले होते, आणि माझ्या फोटोत मागे खुर्चीत बसलेले पाहुणे एकदम चकाचक आणि पोरगा म्हणजे नुसती निळी रेघ. काय दाखवू त्यांना?

आधी फुल ऑटोवर काढले, नंतर पी मोडवर (तिथेही शटर आणि एफ कॅमेराच ठरवतो). फोटोच्या माहितीत बघितलं तर जवळपास सगळीकडे शटर १/६० सेकंद, एफ ५.६ (लेन्स किती उघडली तो आकडा, जितका लहान तितकी जास्त उघडी), आयएसओ १६०० (उजेड किती वाढवून घ्यायचा ते), आणि लेन्स २०० एमएमच्या आसपास झूम केलेली. लेन्सवरचं आयएसचं बटण चालूच होतं, ते हललेलं सांभाळून घेतं ना? मग असं का? पुढच्या महिन्यात शेजारच्या गावाला सामने आहेत, तिथेही मलाच बोलावलंय. बोनस मोटरसायकलच्या इंजिनात गेला, त्यामुळे मोठी लेन्स घ्या असं कृपया सांगू नका.

भुसावळ_यार्ड:

फ्लॅश मार ना भो, विषय संपला.

खोखोवाली ताई:

फ्लॅश अजिबात नको. रेडर दम धरून समोरच्या सात जणांवर नजर ठेवून असतो, त्याच्या डोळ्यांवर झप्पकन उजेड मारलास तर पंच तुला मैदानाबाहेर काढतील आणि बरोबरच करतील. मी शाळेच्या मुलींच्या खो-खोचे फोटो काढते, तिथे पोल मारायला मुलगी अंगाने झेपावते तेव्हा तोंडावर फ्लॅश पडला तर खांब कुठेय तेच दिसायचं नाही तिला.

आणि भाऊ, ते आयएस तुझ्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचा पळतोय त्याला ते थांबवू शकत नाही. म्हणून तर मागचे पाहुणे चकाचक आले. ते खुर्चीत बसलेले होते!

सातपुडा_४५:

बोरीकाठ, आधी एक काम कर. त्या चारशेमधले पन्नास फोटो पूर्ण मोठे करून बघ आणि प्रत्येकाला विचार की बाबा तू नक्की कसा बिघडलास. सगळ्यालाच आपण ब्लर म्हणतो पण दुखणी वेगवेगळी असतात आणि औषधं पण वेगवेगळी. मैदानाची चुन्याची रेघ, खांब, माणसं, सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर तुझा हात हललाय. रेघ स्पष्ट आणि खेळाडू फाटलेला असेल तर शटर स्लो. आणि खेळाडू फाटलेला नाही, नुसता मऊ मऊ आहे, पण त्याच्या मागचा दोर किंवा प्रेक्षक करकरीत आहेत, तर फोकस चुकलाय, तिथे शटर कितीही वाढव, फरक पडणार नाही.

आता शटरचं. हात पुढे टाकून रेडर गडी मारतो तेव्हा समज त्याचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने चाललाय. १/६० ला शटर उघडं असेल तेवढ्यात तो हात आठ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे अख्खा पंजा. १/५०० ला तोच एक सेंटीमीटर, १/१००० ला अर्धा. म्हणून कबड्डीला १/५०० च्या खाली येऊ नये, जमलं तर १/८००. तुझ्या कॅमेऱ्याने १/६० का घेतलं, तर त्याला उजेड पुरत नव्हता आणि आयएसओ १६०० च्या वर जायची परवानगी नव्हती. मेनूत बघ, ऑटो आयएसओची कमाल कुणीतरी १६०० वर बांधून ठेवली असणार. आयएसओ वाढवला की फोटोत रवाळ दाणे येतात, लग्नवाले ते नको म्हणून असं करतात.

बोरीकाठ:

बघितलं दादा. खरंच १६०० वर होती!! आणि पन्नास फोटो पण तपासले. एकतीस खेळाडू फाटलेले, बारा मध्ये फोकस मागच्या दोरीवर, बाकीच्यांत सगळंच हललेलं, ते बहुतेक लेन्स पूर्ण ओढलेले. आता कमाल ६४०० केली आणि डायल टीव्ही (Tv) मोडवर फिरवून १/५०० ठेवलं तर एफचा आकडा लुकलुक करतोय. घरात ट्यूबलाइटमध्ये करून बघत होतो. बिघडलाय का?

सातपुडा_४५:

बिघडला नाही, ओरडतोय. टीव्हीत शटर तू ठरवतोस आणि एफचा आकडा तो. तो लुकलुकला म्हणजे लेन्स होती तेवढी उघडली तरी उजेड पुरत नाही, फोटो काळा येईल.

तू हिशेब लिहितोस ना, मग हे पण खतावणीसारखंच आहे. त्या रात्री १/६०, एफ ५.६, १६०० ला फोटो नीट उजळ येत होता. १/६० वरून १२५, २५०, ५०० म्हणजे तीन वेळा उजेड निम्मा केलास. तो कुठून तरी भरून काढायचा. आयएसओ १६०० चा ६४०० केला तर दोन वेळा दुप्पट झाला, एक घर (म्हणजे एक दुप्पट) बाकीच. म्हणजे तुझ्या ५५-२५० ने त्या मैदानावर जास्तीत जास्त १/२५० मिळणार, कारण झूम केली की ती एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. त्या लेन्सचा दोष नाही, ती दिवसाची लेन्स आहे.

आता मोठी लेन्स सांगू नका म्हणालास, मी छोटी सांगतो. ५० एमएम एफ १.८. कॅननच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी आहे, जुनी पण मिळते. ती एफ २ वर ठेवलीस तर ५.६ वरून ४, २.८, २, अशी तीन घरं तिथेच परत आली. म्हणजे १/५०० ला आयएसओ तोच १६००. ३२०० केलास तर १/१०००. झूम नाही हीच काय ती अडचण, पण पाय आहेत ना.

भुसावळ_यार्ड:

६४०० ला दाणे किती येतील माहितीये का, रव्यासारखे. त्यापेक्षा थोडं हललेलं परवडलं.

खोखोवाली ताई:

मला नाही पटत. फोटो बघणार मोबाइलवर, फार तर पेपरात दोन कॉलमात किंवा अभिनंदनाच्या बॅनरवर. तिथे दाणे कुणाला दिसतात? पण पोराचं तोंड ओळखू आलं नाही तर त्या मावशी परत दुकानावर येतील. दाणे नंतर थोडे कमी करता येतात, फाटलेलं तोंड शिवता येत नाही. उलट एक सांगते, काळा फोटो काढून नंतर लॅपटॉपवर उजळ करू म्हणशील तर दाणे अजून वर येतात, त्यापेक्षा तिथेच आयएसओ वाढवलेला बरा.

तापीपल्याड:

शटर-आयएसओ झालं, त्या बारा फोकसवाल्या फोटोंचं बोला की कुणीतरी. एएफ (ऑटोफोकस) मोड बघ, वन शॉटवर असणार. त्यात बटण अर्धं दाबलं की फोकस जागेवर कुलूपबंद होतो, रेडर दोन पावलं पुढे आला की संपलं. एआय सर्व्हो कर, म्हणजे अर्धं दाबून ठेवलंस तोवर तो मागेमागे फिरतो. मध्ये एआय फोकस नावाचा एक आहे तो नको, तो स्वतःच गोंधळतो. आणि १५००डी ला फोकसचे नऊच पॉइंट आहेत, नऊच्या नऊ चालू ठेवलेस की त्यातला एखादा जाऊन दोरीला चिकटतो. फक्त मधला ठेव, अंधारात तोच सगळ्यात भरवशाचा, आणि तो रेडरच्या छातीवर धर. छातीवर नंबर असतो, काळं-पांढरं काहीतरी असलं की फोकसला पकड मिळते. सपाट एकरंगी बनियनवर तो चाचपडत बसतो.

मी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे काढतो दरवर्षी. तिथे दत्तजयंतीचं थंडीतलं कोवळं ऊन असतं, १/१००० ला ५५-२५० सुद्धा मस्त चालते, उजेडाला तोटा नाही. रेवाल चालीचा (न उसळता सलग जलद चालणारा) घोडा असेल तर मी उलट मुद्दाम १/६० ला येतो आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत नेतो, मागची गर्दी पुसली जाते आणि घोडा तेवढा उठून येतो. दहातला एक साधतो. पण हे कबड्डीत करायला जाऊ नको, रेडर सरळ रेषेत जातच नाही, वळवळतो.

बोरीकाठ:

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. ५० ची जुनी लेन्स धुळ्याला एकाकडे मिळाली. काल संध्याकाळी आमच्याच पोरांच्या सरावाला दोन हॅलोजन लावून बघितलं. एम मोड (सगळं आपणच ठरवायचं), एफ २, १/५००, आयएसओ ३२००, एआय सर्व्हो, मधला पॉइंट.

हात सुटा सुटा दिसतोय! एका फोटोत तर रेडरने घोट्याची पकड तोडली तेव्हा टाचेखालून उडालेली माती दाण्यादाण्याने दिसते, आणि मागे धरणाऱ्याची बोटं निसटलेली, नखात माती. मीच किती वेळ बघत बसलो.

पण दोन भानगडी झाल्या. एक, भराभर फोटो काढताना एक फोटो उजळ, पुढचा पिवळट काळपट, परत उजळ. सेटिंग तर एकच होतं. दुसरं, रेडर स्पष्ट आणि त्याला धरणारा मऊ असं बरेचदा होतंय.

सातपुडा_४५:

पहिली भानगड लाइटची. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही. १/१०० ला शटर एक अख्खी फेरी बघतं म्हणून सगळे फोटो सारखे येतात, १/५०० ला फेरीचा पाचवा हिस्साच सापडतो, कधी भरतीचा कधी ओहोटीचा. खरे तारेवाले हॅलोजन इतका त्रास देत नाहीत, तार तापलेलीच राहते. तुमच्याकडचे बहुतेक मेटल हॅलाइड किंवा स्वस्त एलईडी असतील, गावात सगळ्यालाच हॅलोजन म्हणतात. महागड्या कॅमेऱ्यात यावर तोड असते, तुझ्यासाठी उपाय म्हणजे एका क्षणाचे तीन-चार घ्यायचे आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढायचे, रंग नंतर सुधारतो. रॉमध्ये मात्र सलग काही झाले की हा कॅमेरा अडकतो, बोट दाबून धरायचं नाही.

दुसरी भानगड एफ २ ची. सहा मीटरवर पुढे-मागे मिळून साधारण मीटरभर अंतरातलंच स्पष्ट येतं, रेडर आणि कोपऱ्यातला गडी त्यात एकदम मावत नाहीत. एफ २.८ कर आणि आयएसओ ६४००. किंवा अशी जागा धर की दोघंही तुझ्यापासून सारख्या अंतरावर येतील.

खोखोवाली ताई:

जागेचंच सांगणार होते. मैदान १३ बाय १०, म्हणजे मध्यरेषेपासून शेवटची रेषा साडेसहा मीटर. बाजूला बोनस रेषेच्या जरा मागे जमिनीवर मांडी घालून बस, उभं राहू नको. पकड बहुतेक तिथेच होते, आणि सहा मीटरवरून ५० च्या लेन्सला पावणेतीन मीटर रुंदी मिळते, रेडर आणि दोन गडी आरामात. खांबावरचा उजेड तुझ्या पाठीमागून खेळाडूच्या तोंडावर पडला पाहिजे, नाहीतर सगळं करून तोंड काळंच.

आणि क्षण ओळख. रेडर बोनसला पाय टाकून वळतो त्या वळणावर तो क्षणभर थांबलेला असतो, पकड बसते तेव्हा सगळेच ताणून स्थिर होतात. तिथे १/३२० सुद्धा पुरतं. कबड्डी तू खेळलायस ना कधी? मग बटण केव्हा दाबायचं ते अंगात आहेच, कॅमेऱ्याला विचारू नको.

बोरीकाठ:

खेळलोय ताई, डावा कोपरा. गुडघ्याने घरी बसवलं.

आता शेवटचं विचारतो. शेजारच्या गावच्या मंडळाने हजार रुपये देऊ केलेत फोटोचे. ते ठेवून पुढेमागे ८५ ची एफ १.८ बघू का? पलीकडच्या अर्ध्यातली पकड ५० मध्ये फार बारीक येते.

तापीपल्याड:

त्या हजारात मंडळाला आणखी दोन दिवे भाड्याने आणायला सांग, तू बसणार त्याच बाजूच्या खांबांवर. ८५ चं पुढच्या वर्षी बघ. आणि चढाईत तीन गडी मारणारं ते पोरगं तिथे खेळणार असेल तर त्याच्या आईचा नंबर घेऊन ठेव.

बोरीकाठ:

खेळणार आहे. नंबर कशाला, मावशी येणारच आहेत सामन्याला, मला आत्ताच सांगून गेल्या की तू बसशील तिथेच मी बसेन.