आचारसंहितेवर सही घेतली की भ्रष्टाचार कमी होतो का?

कोरा_कागद:
आमच्या खात्यात नवीन आचारसंहिता येतेय, ड्राफ्टवर सूचना मागवल्यात. गिफ्ट घ्यायचं नाही, नातेवाईकाच्या फर्मचं टेंडर असेल तर आधी सांगायचं, दरवर्षी मालमत्ता जाहीर करायची वगैरे. वाचायला झकास, पण ज्याला खायचंय तो खाणारच ना? नक्की कुठल्या कलमाने फरक पडतो?

बाकावरचा:
गिफ्टवालं कलम बघ आधी. "महागडी भेट घेऊ नये" असं मोघम असेल तर महागडी म्हणजे किती ते जो तो आपापलं ठरवणार. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांना सरळ आकडा दिलाय, ज्यांचं काम तुमच्याकडे आहे अशा पार्टीकडून एका वेळी 20 डॉलरपर्यंतची वस्तू, वर्षभरात 50 च्या वर नाही, रोख तर अजिबात नाही.

हिशोबनीस:
गिफ्ट म्हणजे चिल्लर रे, चौकशी कोण करणार ते बघ. हाँगकाँगमध्ये पोलिसांच्या लाचखोरीचा तपास पोलिसच करायचे, 1973 ला गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असतानाच देशाबाहेर सटकला, लोक भडकले आणि 1974 ला आयसीएसी ही भ्रष्टाचाराचा तपास करणारी वेगळी संस्था आली, थेट गव्हर्नरच्या हाताखाली. गॉडबरला परत आणून आत टाकलं. पण 1977 ला चिडलेले पोलीस आयसीएसीच्या ऑफिसातच घुसले आणि गव्हर्नरला बऱ्याच जुन्या प्रकरणांत माफी द्यावी लागली. माझ्या मते माफी दिली म्हणूनच संस्था टिकली.

कोरा_कागद:
म्हणजे आधीचं खाल्लेलं पचलं की!

हिशोबनीस:
पचलंच. पण अख्खं पोलीस खातं अंगावर घेऊन ती चालली असती असं मला तरी वाटत नाही. आणि नुसती धरपकड नाही, तिचं एक खातं ऑफिसांच्या कामाची पद्धतच तपासतं, पैसे खायला फट कुठे राहते ते शोधायला.

संध्या_म:
नातेवाईकवाल्या कलमात एक ओळ घालायला सांगा, सांगितल्यावर फाईल कोणाकडे जाणार. नाहीतर माणूस प्रामाणिकपणे लिहून देतो आणि फाईल त्याच्याच टेबलावर राहते! आणि तक्रार करणाऱ्याच्या संरक्षणाचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या 2003 च्या भ्रष्टाचारविरोधी करारातसुद्धा देशांनी त्याचा "विचार करावा" एवढंच आहे, सक्ती नाही. तुमच्या ड्राफ्टमध्ये काय लिहिलंय?

कोरा_कागद:
त्यावर एक ओळ नाही. आणि सूचनेच्या फॉर्मवर नाव, हुद्दा, एम्प्लॉयी नंबर तिन्ही कंपल्सरी 😄