‘स्वीडनचं वर्ष म्हणजे बापाच्या पैशावर गारठा खाणं’ : उत्तर देतेय, कारण राहवलं नाही

सांजवेळ :
काल शिष्यवृत्तीच्या धाग्यावर ‘दुर्बीण’ यांनी जाता जाता पिंक टाकली : "एक्स्चेंज म्हणजे शिक्षण नव्हे. वर्षभर स्वीडनला जायचं, वर्गात कमी आणि बर्फात जास्त दिसायचं. परत आल्यावर चहापाण्याला ‘फिका’ म्हणायचं. खर्च बापाचा, म्हणजे बापाच्या पैशावर गारठा खाणं." तिथेच दोन ओळी खरडून गप्प बसणार होते, पण झोप लागेना.

मी २०१८-१९ साली दक्षिण स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एक्स्चेंजवर (म्हणजे दोन कॉलेजांच्या करारातून तिकडे शिकायला) होते, पुण्यातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजातून. आधी पैशांचं. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनने २०११ पासून फी लावली, ती एक्स्चेंजवाल्यांना नाही. आपण आपल्याच कॉलेजची फी भरतो. राहण्याचा खर्च मात्र सणसणीत. कॉरिडॉरमधल्या (म्हणजे विद्यार्थ्यांच्या होस्टेलमधल्या) खोलीचं महिन्याचं भाडं ४,२०० क्रोनर, तेव्हाचे साधारण ३२,००० रुपये. ते बाबांनीच दिले, लपवत नाही.

आता अभ्यास. एका वेळी दोनच विषय, सात आठवडे वर्ग, लगेच परीक्षा. दहाचा तास सव्वादहाला सुरू होणार हे ठरलेलं, त्याला ‘अकॅडमिक क्वार्टर’ म्हणतात. पेपर पाच तासांचा. मुलं केळी, सँडविच, कॉफीचा थर्मास घेऊन बसतात. माझ्या पेपरांवर नाव नव्हतं, नुसता कोड. पाठांतर करून गेले आणि पहिल्याच पेपरात आपटले. प्राध्यापकांना ‘सर’ म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून. नावाने हाक मारायला मला नोव्हेंबर उजाडला. इथे चार वर्षांत एकाही सरांना "हे समीकरण चुकलंय का?" असं विचारलं नव्हतं. तिथे विचारलं, आणि चुकलेलं निघालं.

दुर्बीण :
केळी खात पेपर. म्हणजे मी म्हणत होतो तेच.

एटीकेटी :
ताई, परत आल्यावर काय झालं तेही लिहा की. माझं मी सांगतो. लुंडच्याच इंजिनियरिंगला होतो. तिथे ग्रेड ३, ४, ५, त्याखाली नापास. मला बहुतेक विषयांत ४, दोनांत ५. खूश होऊन आलो. आमच्या परीक्षा विभागातल्या गृहस्थांनी ते ४ आपल्या दहाच्या पट्टीवर ४ धरले! मी तिथल्या चांगल्या ग्रेडची गुणपत्रिका घेऊन इथे काठावर पास. अकरा चकरा मारल्या. दरवेळी "साहेब मीटिंगमध्ये आहेत". शेवटी प्लेसमेंटला साडेसहाच्या अटीखाली अडकलो. स्वीडनबद्दल तक्रार शून्य. आपल्याकडच्या खिडकी क्रमांक ४ बद्दल मात्र ग्रंथ लिहीन.

उत्तरध्रुव :
लुंडवाल्यांनी थंडीवर बोलूच नये. तुम्ही ट्रेनमध्ये बसून डेन्मार्कातल्या कोपनहेगनला चहा प्यायला जाता. मी उत्तरेकडच्या उमेओला होतो. डिसेंबरात दोन वाजायच्या आत सूर्य गडप. २०१२ साली तिथे बसथांब्यांवर उजेडाच्या उपचाराचे दिवे लावले होते म्हणे, यावरून समजा. जानेवारीत मी आठ दिवस खोलीबाहेर पडलो नाही आणि कुणीही दार वाजवलं नाही. इथे होस्टेलला आठ तास दार लावलं असतं तरी दोघांनी ते तोडलं असतं. एकदा वरणाला फोडणी दिली तर स्मोक अलार्म वाजून अख्खा मजला बाहेर, उणे अठरात. त्याचं बिल माझ्या नावाने आलं. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

चारचौघी :
दार वाजवलं नाही यावरून सांगते. गोथेनबर्गला अकरा वर्षं आहे. लेक सात वर्षांची असताना मैत्रिणीकडे खेळायला गेली. साडेपाचला त्या मुलीला जेवायला हाक आली. ती गेली, माझी लेक खोलीत लेगो जुळवत बसली. वीस मिनिटं. घरी येऊन विचारते, "आई, मला भूक लागली नव्हती, पण त्यांनी विचारलं का नाही?" २०२२ च्या मे महिन्यात ट्विटरवर यावरूनच ‘स्वीडनगेट’ गाजलं, जगाला धक्का बसला. आम्हाला नाही.

तांबडापांढरा :
म्हणजे स्वीडन म्हणजे सदाशिव पेठ, फक्त बर्फ जास्त. आमच्या कोल्हापुरात पोस्टमनसुद्धा जेवल्याशिवाय जात नाही.

सांजवेळ :
हा विनोद माझ्या आजोबांनीही ऐकला होता. चारचौघी, वाईट वाटलं वाचून, पण ती कंजुषी नसते हो. दुसऱ्या घरी त्या मुलीचं जेवण तयार असणार, ते आपण का बिघडवा, असा हिशोब. माझ्या कॉरिडॉरमधल्या मैत्रिणीच्या आईने नाताळात मला चार दिवस ठेवून घेतलं होतं.

चारचौघी :
बोलावून ठेवलं ना? मी न बोलावता आलेल्याबद्दल बोलतेय. अकरा वर्षांनी मला हिशोब समजतो. पटत नाही.

पोळपाट :
कोल्हापूरकर, तुमच्या पोस्टमनला वाढतं कोण? माझी आई तिकडचीच सून. रात्री दहाला बाबा चार माणसं घेऊन यायचे, आणि ती चूल पेटवून भाकऱ्या थापायला बसायची. कौतुक बाबांच्या दिलदारपणाचं, मनगटं आईची. स्वीडनमध्ये नवरा-बायको दोघं कामावरून येऊन मोजून चार बटाटे उकडतात, पाचव्याला नाही म्हणतात. मला त्यात वावगं दिसत नाही.

तांबडापांढरा :
आईवर कशाला आणता? आमच्याकडे प्रेमानं करतात.

पोळपाट :
तुम्ही किती थापल्यात?

तांबडापांढरा :
दोन. एक तव्यावर फाटली. पण मुद्दा तो नाही!

पोळपाट :
मुद्दा तोच आहे.

उत्तरध्रुव :
माझं आठ दिवसांचं एकटेपण भाकरीत बुडालं. धन्यवाद.

दुर्बीण :
धागा शिक्षणाचा होता, आता खानावळ झाली. बरं. फी लागत नाही हे मला ठाऊक नव्हतं, तेवढं मागे घेतो. ‘फिका’चं घेत नाही. पण ताई, तुम्ही सांगितलेलं शहाणपण, म्हणजे सरांना चूक दाखवणं, ते शिकायला ३२,००० महिना? माझा पुतण्या कोपनहेगनला वर्षभर होता. भावानं सोसायटीची ठेव मोडली. पोरगं परतलं ते सायकलवर ऑफिसला जातं आणि बापाला नावानं हाक मारतं. नोकरी तीच, जी शेजारच्या न गेलेल्या पोराला लागली.

सांजवेळ :
नोकरीचं खरं आहे. मलाही त्या वर्षामुळे नोकरी लागली असं म्हणता येणार नाही. मुलाखतीत दोन मिनिटं ‘वाव’ झालं आणि मग जावा प्रोग्रामिंगचेच प्रश्न. पण नोकरीसाठीच जायचं असतं हे ठरवलं कुणी? आणि उत्तरध्रुव, सॉरी. फेब्रुवारीत मीही रोज रडायचे, लुंडला साधारण नऊ तास उजेड असून. वरच्या पोस्टमध्ये ते गाळलं, कारण दुर्बीण वाचणार होते.

दुर्बीण :
वाचलं. आता खरं कारण सांगतो. मुलीला स्वीडनच्याच उप्साला विद्यापीठाचं पत्र आलंय, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. एटीकेटी, ते ग्रेडचं काय करायचं?

एटीकेटी :
काका, जाण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या : कुठला विषय कशाच्या बदल्यात, आणि तिथली कुठली ग्रेड म्हणजे इथले किती. सही आणि शिक्क्यासकट. उप्सालाला बऱ्याच विषयांना नुसते नापास, पास आणि विशेष पास असतात, ते तर यांना अजिबात कळणार नाही.

दुर्बीण :
शिक्का कुणाचा लागतो?

एटीकेटी :
खिडकी क्रमांक ४.