पणजोबांची निधनवार्ता आणि मृत्युपत्राचे एक पान: शोध कोठून सुरू करावा?

ओसरी
नमस्कार. गेल्या महिन्यात राजापूर तालुक्यातले आमचे जुने घर आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन कागद सापडले. एक आहे वर्तमानपत्राचे दोन बोटे रुंदीचे कात्रण, ज्यावर ना वर्तमानपत्राचे नाव आहे ना साल. पणजोबांचे नाव वगळून त्यातला मजकूर असा: "येथील छापखान्यातील जुने नोकर आश्विन शुद्ध ४ रोजी गिरगावात तापाने वारले. त्यांचे मागे विधवा पत्नी व दोन लहान मुले आहेत." दुसरा कागद मोडी लिपीत आहे. तो मृत्युपत्राचे पहिले पान असल्याचे आजी सांगत असे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात आठ आण्यांचे तिकीट चिकटवलेले आहे.

मला पणजीचे माहेर शोधायचे आहे. बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या या बाईचे आमच्या घरातील प्रत्येक कागदावर फक्त सासरचे नाव आहे. मी नागपूरला राहते, मला मोडी येत नाही, खर्चासाठी चार हजार रुपये काढून ठेवले आहेत आणि दिवाळीच्या सुटीत मुंबईची एकच फेरी शक्य आहे. आधी निधनवार्तेचा माग काढावा की मृत्युपत्राचा?

दूरदेशी
मी कॅलिफोर्नियात असून तीन वर्षांपूर्वी सवलतीच्या काळात डीएनए तपासणीचे किट घेतले. त्यातून मला अटलांटात राहणारी एक चुलत-चुलत बहीण मिळाली आणि आमचे मूळ गाव एकच निघाले. कागद खोटे बोलतात, रक्त बोलत नाही. तपासणीचा खर्च तुमच्या रकमेत बसणार नाही, पण असल्या कामात पैशांकडे पाहू नये.

दप्तरदार
आधी कात्रणाची मागची बाजू पाहा. कात्रण कापणाऱ्याचे लक्ष पुढच्या मजकुरावर असते, त्यामुळे मागे एखादी जाहिरात, बाजारभाव किंवा अर्धवट बातमी राहून जाते आणि बहुतेक वेळा सालाचा पत्ता तिथेच लागतो. शिवाय घरात त्या तापाला काही वेगळे नाव होते का, हे आठवून सांगा.

ओसरी
मागे एका बातमीच्या चार अर्धवट ओळी आहेत आणि त्यांत "नामदार गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन साहेब" एवढे स्पष्ट वाचता येते. आजी "मानमोडीत गेले" असे म्हणत असे. आम्हाला लहानपणी वाटायचे की ते पडून मान मोडली असावी.

दप्तरदार
मग तुमचे अर्धे काम झाले. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. विलिंग्डन १९१३ च्या एप्रिलपासून १९१८ च्या डिसेंबरपर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणजे कात्रणाच्या दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात. तिथीसाठी पंचांगही काढायला नको. शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तो त्याच वर्षीच्या दसऱ्याला, १५ ऑक्टोबरला. आश्विन शुद्ध ४ त्याच्या सहा-सात दिवस आधी येते, तेव्हा तुमचे पणजोबा ८ किंवा ९ ऑक्टोबर १९१८ रोजी, शके १८४० च्या नवरात्रात वारले. मुंबईत साथीने कळस गाठला तो याच सुमारास.

बाणकोटी
माझ्या मते ही घाई होत आहे. मुंबईत प्लेग १८९६ पासून पुढे कित्येक वर्षे ठाण मांडून होता आणि "तापाने वारले" हे शब्द प्लेगलाही लागू पडतात. माझ्या स्वतःच्या चुलत पणजोबांच्या बाबतीत असाच अंदाज बांधून मी दोन वर्षे भलत्याच माणसाच्या मागे होतो. नाव तेच, वडिलांचे नाव तेच, आळीसुद्धा तीच. शेवटी लक्षात आले की त्या गृहस्थांना मूलबाळच नव्हते.

दप्तरदार
प्लेगच्या बातमीत सहसा "ग्रंथिक सन्निपात" किंवा गाठीचा उल्लेख येतो, आणि मानमोडी हा शब्द प्लेगसाठी वापरलेला मी तरी कधी ऐकलेला नाही. मात्र एकाच नावाच्या दोन माणसांविषयीची सूचना अगदी योग्य आहे.

निवृत्त_वकील
वर्तमानपत्रांच्या फायली चाळण्यात सुटी घालवू नका. १९१८ च्या निधनवार्तेत विधवेचे नावच छापत नसत, मग माहेर कुठून मिळणार? तुमच्या कागदावरचे आठ आण्यांचे तिकीट महत्त्वाचे आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, त्यामुळे ते तिकीट कोर्ट फीचे असावे आणि तुमच्या हातात मूळ कागद नसून कोणत्या तरी कचेरीतून घेतलेली नक्कल असावी. नक्कल दिली गेली, याचा अर्थ मृत्युपत्र कोठेतरी दाखल झाले होते.

१८७० च्या हिंदू विल्स ॲक्टप्रमाणे मुंबई शहराच्या हद्दीत केलेल्या हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घ्यावे लागे आणि त्यासाठीचा अर्ज उच्च न्यायालयात होई. अर्जात मृत्यूची वेळ लिहावी लागते, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक कोण हे लिहावे लागते, आणि मृत्युपत्र देशी भाषेत असल्यास न्यायालयाच्या भाषांतरकाराने केलेले इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. म्हणजे प्रकरण सापडले तर मोडी वाचणाऱ्याची गरजच उरणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत व्यवस्थापक म्हणून पुष्कळदा सासरा किंवा मेहुणा नेमत, तेव्हा माहेरचे आडनाव मिळण्याची खरी जागा ती आहे. १९१८ ते १९२० या तीन वर्षांची नावांची सूची आधी तपासून घ्या.

कुळकायदा
वकीलसाहेबांनी सांगितले ते कायद्याप्रमाणे बरोबर असले, तरी छापखान्यातल्या नोकराच्या घरचे लोक उच्च न्यायालयाची पायरी चढले असतील यावर माझा विश्वास नाही. गिरगावातली खोली भाड्याची असणार. मालमत्ता काय ती राजापूरकडची जमीन. अशा वेळी गावातल्या हक्कनोंदणीकडे, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर याच्या दप्तराकडे, जावे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, त्यामुळे १९१८ नंतरचा वारसाचा फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, मिळू शकतो, आणि मुले अज्ञान (वयाने लहान) असल्यामुळे "अज्ञान पालनकर्ता" म्हणून कोणाचे तरी नाव लागलेले असते. आमच्या फेरफारात ते नाव आजीच्या भावाचे निघाले. जुने फेरफार आता "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर काही ठिकाणी घरबसल्या पाहता येतात आणि त्याचे शुल्क किरकोळ आहे. खोती गावांचे, म्हणजे जिथे खोत सारा वसूल करी त्या गावांचे, कागद मात्र डोके फिरवतात; आमच्या जमिनीवर खोताचेच नाव पुढे आणि आमचे कुठेतरी कोपऱ्यात.

निवृत्त_वकील
विश्वासाचा प्रश्न नाही, तिकिटाचा आहे. नक्कल उच्च न्यायालयाची नसेल, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चौकशी करावी. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असली तरी केलेली नोंद तेथील तीन नंबरच्या पुस्तकात होते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही ती मिळू शकते. ते पुस्तक आपण स्वतः चाळू शकत नाही. शोध कचेरीच घेते.

साष्टीकर
तुम्हा लोकांची फार ओढाताण होते. आमच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे मृत्युपत्र नोटरीच्या पुस्तकात उतरवले जाई आणि मृत्यूनंतर वाटणीसाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करण्याची, कारवाई होई. पत्नी अर्ध्या मालमत्तेची हक्कदार असल्यामुळे तिचे नाव वगळताच येत नसे. मी पणजी शहरातल्या पुराभिलेखागारात चार दिवस बसून पाच पिढ्या जुळवल्या. पोर्तुगीज वाचावे लागते एवढेच.

बाणकोटी
येथील प्रश्न राजापूर आणि गिरगावचा आहे. गोव्यातल्या सोयीचा ओसरीताईंना काय उपयोग?

वाईकर_बाई
मोडी वाचणाऱ्याविषयी माझा अनुभव सांगते. मी एका गृहस्थांना सहा हजार रुपये देऊन अकरा पाने वाचून घेतली. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि संक्षेप तर ओळीओळीला येतात. "क॥ वाई", म्हणजे "कसबे वाई", हे त्यांनी "कवाई" असे आडनाव म्हणून वाचले आणि मी वर्षभर कवाई आडनावाचे लोक शोधत होते. आमच्या कुलवृत्तांताच्या मसुद्यातही ते आडनाव गेले होते. छपाईच्या आदल्या आठवड्यात एका आजोबांनी विचारले की हे कवाई कोण, आम्ही तर वाईचे. तेव्हा कोणाकडूनही वाचून घ्या, पण ओळीखाली ओळ असे लिप्यंतर मागा. नुसता सारांश घेऊ नका. स्वतः मोडी शिकत मात्र बसू नका. त्यात वर्ष जाते.

गोदाकाठ
नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा, एवढेच सांगतो. आमच्या उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारले आणि पाच मिनिटांत १९३१ सालची माझ्या आजोबांची सही समोर ठेवली. मृत्युपत्र-निधनवार्ता कशाला हव्यात?

दप्तरदार
वह्यांत यात्रेला आलेल्यांची नोंद असते. एकटीने दोन मुलांचा संसार ओढणारी विधवा नाशिकला गेली असेलच असे नाही. माहेर शोधण्याची आणखी एक वाट सुचवतो. बाईचे नाव तिच्या नवऱ्याच्या निधनवार्तेत नसले, तरी पुढे १९४०-५० च्या सुमारास तिच्या भावाची निधनवार्ता आली असल्यास "त्यांचे मागे बहिणी, भाचे" असा उल्लेख येऊ शकतो. आजोबांना कोणी मामा म्हणून पत्र लिहीत असे का? ट्रंकेत कोपरा फाडलेले पोस्टकार्ड असेल तर ते आधी पाहा. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडत, आणि अशी कार्डे घरात ठेवत नसत. तरीही कोणीतरी एखादे विसरतेच.

दूरदेशी
आईकडून मुलीकडे जाणारा डीएनए वेगळा तपासता येतो. माहेर शोधायला तोच उपयोगी.

निवृत्त_वकील
ओसरीताई पणजोबांच्या बाजूने वारस आहेत. पणजी आजोबांची आई. तो डीएनए मुलाला मिळतो, पण मुलगा पुढे देत नाही, म्हणून आजोबांपाशीच थांबला.

ओसरी
सर्वांचे आभार. कोपरा फाडलेले कार्ड नाही, पण मागच्या बाजूचा सल्ला पाहून मी तासभर दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले होते. इंटरनेटवरून मोडीची मुळाक्षरे उतरवून घेतली आणि पणजोबांचे नाव कसे दिसेल ते वहीत लिहून पाहिले. पानावर ते तीन ठिकाणी सापडले. तिसऱ्या ठिकाणी त्याच्या पुढे "याची बायको" असावे असे वाटते आणि नंतरच्या शब्दावर नेमकी घडी पडली आहे.

वाईकरबाईंनी सांगितले की मोडी शिकत बसू नये, तरी मी तेच करायचे ठरवले आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, त्यांतल्या पुढच्या वर्गाला नाव देते. चार हजार रुपये त्या प्रवासाला जातील. उच्च न्यायालयातली सूची आणि तीन नंबरचे पुस्तक उन्हाळ्यात पाहीन. तोवर घडीखालचा तो शब्द दुसऱ्या कोणी वाचून सांगावा असे मला वाटत नाही.

वाईकर_बाई
घडीवर इस्त्री फिरवू नका. मी फिरवली होती.

नवा_सभासद
सगळा धागा वाचला नाही. कात्रणाची मागची बाजू पाहिली का?